दोन यंत्रं आणि एक गंडा

“पण बाबा, ड्रम घ्यायचा की डिस्क, तेवढं सांगा ना.”

सर्जेरावानं पुन्हा विचारलं. नाथबाबा कोयतीनं पडलेल्या आंब्याच्या डहाळ्या छाटत बसले होते. त्यांनी नुसतं हूं केलं.

वळवाच्या वादळात मठाची आमराई आडवी झाली होती. देवाची कृपा म्हणा, खाली माणसं असून कुणाला साधं खरचटलंही नाही. बाबा पडलेल्या एकेका झाडाला हात जोडून आले. म्हणाले, जन्मभर यांनी सावली दिली, आता यांच्या ढलप्या करून नव्या रोपांच्या आळ्यात घाला. गावानं ढलप्या करायचं यंत्र द्यायचं कबूल केलं. कुठलं, ते सर्जेरावानं ठरवायचं होतं.

झालं, सर्जेरावाला तेवढंच हवं होतं. गडी मुळातच हुशारीचा ताठा असलेला. विकणाऱ्यांनी दोन्ही यंत्रं बघायला म्हणून मठात आणून लावली, आणि हा दिवसभर त्यांच्यापाशीच.

आता तो बाबांना सगळं समजावून सांगत होता. ड्रमच्या यंत्रात जाडजूड रूळ फिरतो, त्याला पाती. वेडीवाकडी, फाटे फुटलेली फांदी दिली तरी खसकन आत ओढतो, पण ढलप्या लहानमोठ्या पडतात. डिस्क म्हणजे जड लोखंडी चकती. तिला फांदी जरा सरळ करून द्यावी लागते, पण ढलप्या कशा, एकसारख्या.

बाबा ऐकत होते. ऐकताना त्यांचा हात थांबत नव्हता.

“आणि बाबा, सकाळी तुमचीच कृपा झाली. नाहीतर मी आज इथं नसतो.”

हात थांबला.

सर्जेराव मोठ्या भक्तिभावानं सांगू लागला. ड्रममध्ये कुंपणाच्या बाभळीची फांदी घालत होता. तिचा काटेरी फाटा त्याच्या मनगटातल्या गंड्यात अडकला, आणि फांदीबरोबर हाही यंत्राच्या तोंडापर्यंत ओढला गेला. तेवढ्यात फाटा कडकन मोडला. गंडा मात्र तुटला नाही. गंड्यानंच राखलं, असं त्यानं गावभर सांगूनही झालं होतं.

हा गंडा म्हणजे काळ्या लोकरीचा घट्ट पीळ. दीक्षा देताना बाबा तो स्वतःच्या हातानं शिष्याच्या मनगटात बांधत. सर्जेरावाला तो जिवापलीकडे होता, आणि का नसावा? भांडखोर म्हणून भावांनी घराबाहेर काढलेला माणूस. सोयऱ्यांनी दार लावून घेतलं. बाबांनी मात्र चारचौघांत त्याचा हात हातात घेतला आणि गंडा बांधला. आपल्याला कुणीतरी आपलं म्हटलं, हे त्याला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो अंघोळीलाही गंडा काढत नसे.

“हात दे,” बाबा म्हणाले.

त्याला वाटलं, आशीर्वाद मिळणार. त्यानं हात पुढे केला.

बाबांनी गंड्याखाली कोयतीचं टोक सरकवलं आणि हलकेच ओढलं. गंडा तुटून खाली पडला. बाबांनी तो उचलला आणि धुनीत टाकला.

…

सर्जेरावाच्या पायाखालची जमीन सरकली. भावांनी टाकलं, सोयऱ्यांनी टाकलं, आता मठानंही टाकलं. गाव काय म्हणेल?

बाबा त्याचं मनगट चोळत होते. गंडा होता तिथं लालभडक वळ उठला होता, कातडी सोलली होती. सर्जेराव त्या वळाकडे बघत राहिला. फाटा मोडला नसता, आणि गंडा तर तुटत नव्हताच, तर…

त्यानं बोटं मिटली, उघडली, परत मिटली. सगळी जागच्या जागी होती. त्यानं बाबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि हा ताठ मानेचा गडी लहान पोरासारखा रडला. फार बरं वाटलं त्याला. हात शाबूत आहे, आणि तो बघणारं कुणीतरी आहे, यापरतं माणसाला काय हवं असतं?

पण मनातली धास्ती जाईना. डोकं वर न करताच त्यानं विचारलं,

“बाबा… मी अजून तुमचाच ना? मला धरून ठेवाल ना?”

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“एवढं दिवसभर बघितलंस. त्या दोन यंत्रांतलं, एकदा धरलेलं सोडतं कुठलं?”

सर्जेरावानं विचार केला. ड्रम आठवला, डिस्क आठवली.

“कुठलंच नाही, बाबा.”

“मग मी तरी सोडायला नको?”