अर्धी परडी

राजा भुजंगरावांचा हुकूम ऐकून त्र्यंबक पंतोजी चांगलेच हबकले. गणपतीला युवराजाचे मामा येणार होते. मामांचा मुलगा तिसापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायचा. तेव्हा अनंत चतुर्दशीला युवराज उदयभानानेही मामांसमोर तिसापर्यंत पाढे म्हणायचे, नाहीतर पंतोजींनी बायकामुलांसह राज्य सोडायचे. शिवाय मुहूर्तावाचून अभ्यास सुरू केला तर कैद. आणि जोशीबुवांनी पंचांग चाळून सांगितले होते, दसऱ्याआधी मुहूर्त नाही.

म्हणजे परीक्षा भाद्रपदात आणि पहिला धडा आश्विनात!

युवराज मंद नव्हता. पण दर वेळी थाटात पाटीपूजन व्हायचे, पेढे वाटले जायचे, चार दिवस अभ्यास चालायचा आणि मग शिकार किंवा सर्दी आडवी यायची. एक दिवस बुडाला की युवराज म्हणायचा, आता खाडा पडला, चांगला दिवस बघून पुन्हा पहिल्यापासून करू. अशी अकरा पाटीपूजने झाली, तरी स्वारी बेच्या पाढ्यातच होती.

त्या अकराही पूजांच्या परड्या बुरुडाच्या हौसाने विणल्या होत्या. परसात डोक्याला हात लावून बसलेल्या पंतोजींना तिने विचारले, "शेवटच्या खेपेला युवराज कुठवर आले होते?"

"बे साते."

"तिथंच का थांबले?"

"पेढे आले."

"मग तो अभ्यास संपला कुठं? अर्धाच राहिलाय की."

दुसऱ्या दिवशी हौसा युवराजाच्या ओसरीवर परडी विणायला बसली. विणता विणता तिने सहज विचारले, "बे साते किती हो?" युवराज म्हणाला, चौदा. मग पुढचे आपोआप आले, आणि पंतोजींनी हळूच तीनचा पाढा जोडून दिला. "तीन चोक" म्हणताच हौसाने कामट्या गुंडाळल्या आणि आज पुरे, असे सांगितले.

"बारा तरी म्हणू दे," युवराज कुरकुरला.

"उद्या. आमच्यात संध्याकाळी परडी पुरी करत नाहीत. पुरी झाली की सकाळी हात आळसावतो. अर्धी ठेवली की तीच हाक मारते."

रात्रभर ते बारा युवराजाच्या जिभेवर वळवळत राहिले. सकाळी त्यानेच पंतोजींना बोलावणे धाडले. पुढे रोज तसेच चालले. एकदा त्याला सपाटून सर्दी झाली. हौसा म्हणाली, एकच ओळ म्हणा, तीही अर्धी. एकदा दोन दिवस शिकारीत गेले आणि युवराज पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. हौसाने त्याला उसवलेली परडी दाखवली. दोन कामट्या निसटल्या म्हणून सगळी परडी मोडायची का, असे तिने विचारले. युवराज मुकाट्याने "सतरा साते"पासून पुढे निघाला.

अनंत चतुर्दशीला दरबार भरला. युवराज न अडखळता "तीस नव्वे दोनशे सत्तर"पर्यंत आला आणि गप्प बसला. मामा मिशीत हसले. पंतोजींनी डोळे मिटले.

"पुढे?" राजा गरजला.

"तीस दाहे तीनशे, आबासाहेब. उद्या पावकीच्या पाढ्याला जोडून म्हणणार होतो."

मामांचे हसू मिशीतच राहिले. पण जोशीबुवा उठले. मुहूर्त नसताना सुरुवात केली कोणी, असे त्यांनी विचारले. राजाची नजर पंतोजींवर गेली, तशी दाराशी उभी असलेली हौसा पुढे झाली.

"कोणीच नाही महाराज. सुरुवात जोशीबुवांच्याच मुहूर्तावर झालीय, एकदा सोडून अकरा वेळा. आम्ही फक्त राहिलेलं पुढं नेलं."

राजा खो खो हसला. पंतोजींना त्याने शालजोडी दिली आणि हौसाला नदीकाठचे बांबूचे बेट. मात्र आता पितृपक्ष लागणार, तेव्हा बेटाचा ताबा दसऱ्याला देऊ, असे जोशीबुवांनी मध्येच सुचवले.

हौसाने हात जोडले. "महाराज, अर्धं बेट आजच द्या. राहिलेल्याला मुहूर्त लागत नाही."

राजा इतका हसला की त्याचा मंदील कानावर आला. हसतहसतच त्याने कारभाऱ्याला घोडा काढायला सांगितले, आणि दिवस मावळायच्या आत नदीकाठी बेटाच्या मधोमध हद्दीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या.