वेणुमती राणीचा विजयेचा वाफा

एका राज्यात, जेथे घरोघरी परसात विजया लावीत आणि आई लेकीला सासरी पाठवताना मुठीत तिचे बी देत असे, तेथे वेणुमती नावाची राणी होती. विजया म्हणजे आपण जिला भांग म्हणतो तीच. त्या राज्यात तिच्याने दुखणाऱ्या हाडाला उतार पडे, न येणारी झोप येई आणि सणाला देवाचे पेयही तिचेच होई. डोंगरातली विजया बुटकी, काळसर, राळेच्या वासाची. नदीकाठची उंच, बारीक पानांची, कैरीसारखी दरवळणारी. तिसरी मरुभूमीतली, ती मात्र वेणुमतीने कधी पाहिली नव्हती.

राणीला दागिन्यांची हौस नव्हती, हौस होती ती झाडांची. महालामागच्या परसात ती स्वतः वाफे करी. विजयेत नर झाड वेगळे आणि बी धरणारी मादी वेगळी. डोंगरी नराचा पराग पिसाने उचलून नदीकाठच्या मादीच्या तुऱ्यांवर फिरवी, वर मलमलीची पिशवी बांधी, बी धरले की वेगळे पेरी. अशा पिढ्यांमागून पिढ्या वाढवून तिने एक वाण सिद्ध केले होते. त्याचे खोड डोंगराचे आणि वास नदीचा. त्या वाणावर तिचा फार जीव.

राजा धवलसेन एके दिवशी म्हणाला, "तुला तिसरीची ओढ आहे ना? मी मरुभूमीतून बी घेऊन येतो."

राणी म्हणाली, "महाराज, तेथे कपिलजटा मांत्रिक राहतो."

"मागून घेईन. चोरणार नाही."

मोजके स्वार घेऊन राजा गेला. पावसाळा सरला, राजा आला नाही. हेर गेले, तेही रिकाम्या हातांनी आले. मरुभूमीत त्यांना घोडे मोकळे चरताना दिसले. खोगिरे जागच्या जागी होती, स्वार मात्र कोठेच नव्हते.

इकडे परसात, जेथे राणीने काही पेरले नव्हते, तेथे काही रोपे उगवली. पाने रुंद, अनोळखी. पाखरांनी बी टाकले असेल, असे तिला वाटले. रोपे वाढली, कळ्या धरू लागल्या, आणि तिने पाहिले तो सगळे नर! तिच्या वाणाच्या माद्या तेव्हाच तुऱ्यावर आलेल्या. अनोळखी नराचा पराग त्यांच्यावर पडला तर सारी मेहनत मातीत. विजया लावणारा प्रत्येक जण अशा वेळी जे करतो, तेच करायला ती सकाळी वाफ्यात उतरली.

पहिले रोप तिने उपटले आणि उन्हात फेकले. मूळ हाताला कोमट लागले. माती तापली असेल, असे ती मनाशी म्हणाली.

दुसरे उपटले. कोणी झोपेत उसासा टाकावा, तसा आवाज आला. तिने मागे पाहिले. मागे कोणी नव्हते.

तिसऱ्याला तिने बुंध्याशी हात घातला आणि ओढ दिली.

"वेणू, हात सोड."

राणीने हात सोडला. या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारीत असे. ती ओल्या मातीत बसली. पाने हलली.

"भिऊ नकोस. मी आहे. आम्ही सगळे येथेच आहोत."

'सगळे' हा शब्द कानावर पडला आणि तिची नजर उन्हात फेकलेल्या रोपांकडे गेली. ती धावली. दुसऱ्या रोपाची मुळे अजून ओली होती. ते तिने चिखलात रोवले, पदर भिजवून त्यावर सावली धरली. पहिल्याची पाने करपून गेली होती. तिने त्यालाही रोवले, पाणी घातले, हाका मारल्या. ते आडवे पडले ते उठले नाही.

"महाराज, हे कोण होते?"

"आत्ता विचारू नकोस," झाड म्हणाले.

तेव्हा भिंतीवर बसलेला एक होला पक्षी बोलला. "राणी, त्यांना मी आणले. तुझा पती बी मागायला गेला, तेव्हा कपिलजटाने त्याला आणि त्याच्या स्वारांना विजयेच्या दाण्यांत कोंडले आणि ते दाणे अंगणात पाखरांपुढे फेकले. दाण्यांना माणसांचा वास होता. मी खाल्ले नाहीत. चोचीतून आणून तुझ्या परसात टाकले."

राणीने विचारले, "ते सुटतील कसे?"

"ते कपिलजटालाच ठाऊक. त्याची तीन कामे जो करील, त्याच्या एका प्रश्नाला त्याला खरे उत्तर द्यावे लागते. त्याच्या विद्येला तसे बंधन आहे."

वेणुमतीने वाफ्यावर पहारा बसवला, 'एक पानही तोडाल तर याद राखा' असे बजावले आणि घोड्यावर मांड टाकली. होला पुढे उडत राहिला. जसजशी मरुभूमी जवळ आली, तसतसे तिने पाहिले की गावोगावच्या परसांत एकच पिवळी विजया उभी आहे. जुनी वाणे कोठे गेली, म्हणून तिने विहिरीवरच्या बाईला विचारले.

बाई म्हणाली, "मांत्रिकाने जाळली. त्याची पिवळी बी धरत नाही. दर वर्षी रोपासाठी त्याच्याच दारी जावे लागते."

कपिलजटा गडाच्या सदरेवर बसला होता. राणीला पाहून तो उठलासुद्धा नाही.

"तुझी तीन कामे सांग," ती म्हणाली.

त्याने दालनभर पसरलेली रास दाखवली. "यातले जिवंत बी मेलेल्यातून वेगळे कर. सूर्य माथ्यावर यायच्या आत."

राणीने सेवकांकडून सारी रास हौदात ओतवली. पोकळ बी वर तरंगले, जिवंत तळाशी बसले.

"आता डोळे बांधतो," मांत्रिक म्हणाला. "समोरच्या झाडांची जन्मभूमी सांग."

तिने एकेका पानावर बोट घासून वास घेतला. "हे डोंगराचे. हे नदीकाठचे. आणि हे कोणत्याच भूमीचे नाही, हे तुझे पिवळे आहे." कपिलजटाने पट्टी सोडली, त्याचा चेहरा उतरला होता.

मग त्याने एक कुंडी पुढे ठेवली. कुंडीत विजयेचा नर होता, रुंद पानांचा. "हे झाड मुळासकट माझ्या हाती दे."

"कोण आहेस तू?" तिने झाडाला विचारले. झाड बोलले नाही, फक्त त्याचे एक पान वारा नसताना थरथरले. तिच्या डोळ्यांपुढे उन्हात करपलेले रोप उभे राहिले. मांत्रिक हसत होता. मग तिने वाकून कुंडीच उचलली, मातीसह, आणि त्याच्या हातांत ठेवली.

"मुळासकट दिले. माझी माणसे मला परत कशी मिळतील, ते सांग."

कपिलजटाचे हसू मावळले. उत्तर देणे त्याला भाग होते.

"डोंगर, नदी आणि मरुभूमी, तिन्हींचे रक्त एका बीत उतरले पाहिजे. ते बी त्यांच्या मुळाशी उगवले की ते सुटतील. पण मरुभूमीची विजया मी जाळून टाकली आहे, राणी. शेवटचे दाणे उरले होते, त्यांतच मी तुझी माणसे कोंडली. तुला हवा तो पराग आता फक्त माणसे कोंडलेल्या नरांपाशी आहे, तुझ्या नवऱ्यापाशी आणि त्याच्या स्वारांपाशी. आणि पराग झडला की नर वाळतो, हे तुला मी सांगायला हवे का?"

ज्या परागाला ती भ्याली, ज्याच्यापायी तिने एक जीव उपटून उन्हात टाकला, तोच काय तो एक मार्ग होता. कपिलजटाच्या हातातली कुंडी तिने काढून घेतली आणि ती खोगिरापुढे धरून परत निघाली.

परसात येऊन तिने राजाला सारे सांगितले.

"घे पराग," राजा म्हणाला.

"स्वारांपैकी कोणाचा तरी घेऊ?"

"त्यांना मी नेले होते. माझा घे."

"बी पिकायच्या आत तुम्ही वाळलात तर?"

"तर निदान ते सुटतील. वेणू, कळ्या उमलत आहेत. मी फार काळ थोपवू शकत नाही."

होल्याने आपले एक पीस गाळले. राणीने त्या पिसाने राजाच्या कळ्यांवरची पिवळी धूळ उचलली. अर्धी धूळ वाऱ्यावर गेली. उरलेली तिने आपल्या लाडक्या वाणाच्या तुऱ्यांवर फिरवली आणि मलमल बांधली.

मग वाट पाहणे आले. इकडे तुऱ्यांत बी भरू लागले, तिकडे राजाचे पान पिवळे पडू लागले. राणी बी चाचपून पाही, हिरवे असे. राजाशी बोलू जाई, तर एकेक शब्द यायला वेळ लागे. मग शब्द थांबले. खोड वाळले. शेंड्यावर एक पान राहिले. त्या दुपारी बी दाताखाली करकरले, कवचावर काळ्या रेघा उमटल्या, बी पिकले, तशी राणीने प्रत्येक बुंध्याशी एकेक दाणा पुरला आणि ओंजळीने पाणी घातले.

राजाच्या मुळाशी माती उकलली. कोंब वर आला. शेवटचे पान गळून खाली यायच्या आत धवलसेन वाफ्यात उभा होता, केसांत माती, ओठ वाळलेले. एकामागून एक स्वार उभे राहिले. उसासा टाकणारे रोप म्हणजे सेनापती विक्रांत. त्याने पहिल्यांदा पाणी मागितले. कुंडीतून एक म्हातारा बाहेर आला. तोही कधीकाळी बीच मागायला गेला होता. त्याच घटकेला गडावर कपिलजटा सगळे मंत्र विसरला. पुढे तो शेळ्या राखताना लोकांना दिसला.

राणीने स्वार पाहिले, पुन्हा पाहिले. जेथे आडवे पडलेले रोप होते, तेथेही कोंब आला होता, पण तेथे कोणी उभे राहिले नव्हते.

"भद्रक," राजा हळूच म्हणाला. "माझा ध्वज धरणारा."

पुढे पिवळी विजया आपोआप संपली, कारण तिला बी नव्हते. राणीने तिन्ही भूमींचे वाण घरोघरी वाटले आणि राज्यात आया लेकींना पुन्हा बी देऊ लागल्या. राजा सिंहासनावर बसला, न्याय होऊ लागला.

पण त्याआधी, स्वार अजून अंगावरची माती धूत असतानाच, वेणुमती एकटी भद्रकाच्या घरी गेली. त्याची आई दारात धान्य पाखडत होती. राणीने तिला सारे सांगितले, आपला दोष कोठेही न लपवता.

आईच्या हातातले सूप तसेच राहिले. तिने विचारले, "त्याला दुखले का?"

"मला ठाऊक नाही, आई."

"तो काही बोलला?"

"नाही. मूळ कोमट होते. मला कळले नाही."

म्हातारीने सूप खाली ठेवले. राणीकडे तिने पाहिले नाही, तिला जा असेही म्हटले नाही. थोड्या वेळाने ती बाजूला सरकली आणि उंबऱ्यावर एका माणसापुरती जागा झाली. राणी तेथे बसली.

असे त्या राज्यावरचे अरिष्ट टळले. ज्यांचे टळले, त्यांचे टळले.