सारजामावशीचे हात

राज्यांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळी एका राणीने वाटसरूंसाठी अन्नछत्र उघडलं होतं. तिथल्या मुख्य आचाऱ्याला सुऱ्यांचा भारी नाद.

त्याच्या चुलीमागच्या भिंतीवर अकरा सुऱ्या ओळीने टांगलेल्या असत. फणसाची वेगळी, सुरणाची वेगळी, कोथिंबिरीची तर पानासारखी पातळ. पण रोजच्या कामाला त्याची लाडकी एकच, वीतभर पात्याची, बाभळीच्या मुठीची साधी लोखंडी सुरी. दररोज पहाटे तो तिला दगडावर धार लावी आणि नखावर टेकवून पाही. दूरदूरचे शौकीन येत, त्याच्यापाशी बसून तासन् तास पात्यांबद्दल बोलत. सुरीतलं त्याला जेवढं कळतं तेवढं लोहारालाही कळत नाही, असं लोक म्हणत.

त्या भिंतीला हात लावायची मात्र कुणाला मुभा नव्हती. भाजी चिरणाऱ्या बायकांसाठी कोपऱ्यात एक टोपली होती. तिच्यातून मिळेल ती सुरी घ्यायची आणि कामाला बसायचं.

या बायकांत सारजामावशी सगळ्यांत वयस्कर. मुकाट्याने राबायची, पण आठवड्यातून एकदा तरी बोट कापून घ्यायची.

“मावशी, लक्ष कुठं असतं तुमचं?” आचारी ओरडे.

“चुकलंच माझं, आचारीबुवा,” असं म्हणून ती बोटाला चिंधी गुंडाळी.

अन्नछत्राचा एक नियम होता. ज्याच्या हातून अन्नात रक्त सांडेल, त्याने काम सोडायचं. एकदा तांबडा भोपळा चिरताना मावशीची सुरी सटकली आणि परातभर भाजी फेकून द्यावी लागली. आचाऱ्याने ते राणीच्या कानावर घातलं. मावशीने पदराने डोळे पुसले, चुलीला नमस्कार केला आणि ती भावाच्या गावी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वाटसरूंची गर्दी उसळली. पंगत बसायची वेळ झाली, तरी भोपळे तसेच पडलेले. आचारी घाईघाईने मावशीच्या पाटावर बसला आणि तिथेच पडलेली सुरी त्याने उचलली. जोर दिला, पण पातं सालीत शिरेना. आणखी जोर दिला, तशी सुरी घसरली, त्याचा तळहात फाडून गेली आणि रक्त भोपळ्यावर सांडलं.

दुखणं विसरून तो हातातल्या सुरीकडे पाहत राहिला. धार पार गेलेली. मूठ डुगडुगत होती. आणि मुठीवर त्याचीच खूण कोरलेली होती. सात वर्षांपूर्वी मनातून उतरली म्हणून त्यानेच ती टोपलीत टाकली होती. त्यानंतर एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

तो तसाच राणीकडे गेला.

“राणीसाहेब, नियम मलाही लागू आहे. मी जातो. पण मावशीला परत बोलवा. चूक तिच्या हातांची नव्हती.”

राणीने त्याच्या हाताकडे पाहिलं. “निरोप धाडून ती यायची नाही. तुम्ही घालवलीत, तुम्हीच आणा. नियमाचं मग बघू.”

दोन दिवस चालून आचारी त्या गावी पोचला. मावशी ओसरीवर नुसती बसून होती.

“भावजय मला विळीला हात लावू देत नाही,” ती म्हणाली. “तिचं तरी काय चुकतं? माझे हातच मेले तसले.”

आचाऱ्याने पिशवीतून एक भोपळा काढला आणि आपली लाडकी सुरी मूठ पुढे करून तिच्यासमोर धरली. “एकदाच चिरून बघा, मावशी.”

“नको हो. पुन्हा कापेल.”

“नाही कापणार.”

तिने भीतभीत सुरी घेतली. भोपळ्यावर टेकवली, आणि तो जवळजवळ आपसूकच दुभंगला. एक फोड झाली, दुसरी झाली. सगळ्या सारख्या. मावशीने सुरी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

“म्हणजे माझे हात बरे होते?”

“पहिल्यापासून.”

“तुम्ही बोलायचात, बुवा,” ती हळूच म्हणाली, “आणि मला ते खरंच वाटायचं.”

आचाऱ्याने वाकून तिच्या पायांना हात लावला.

मावशी परत आली. राणीने नियम बदलला. कुणाचा हात कापला, तर आधी सुरी तपासायची, मग माणसाला विचारायचं. आचाऱ्याने भिंतीवरच्या सगळ्या सुऱ्या उतरवून बायकांना वाटल्या. तेव्हापासून पहाटे सगळ्यांच्या सुऱ्यांना धार लावल्याशिवाय तो चूल पेटवत नसे. त्या स्वयंपाकघरात पुढे क्वचितच कुणाला चिंधी शोधावी लागली.

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: कुणाच्या हातांना नावं ठेवण्याआधी, त्या हातांत आपण काय दिलं आहे ते पाहावं.