शस्त्रक्रियागृहाच्या दारातला चहा

एकदा एका वृद्ध शल्यविशारदेकडे एक तरुण शिष्या विद्या घेत होती. तालुक्याच्या त्या रुग्णालयात गुरूंना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्यांना उलट विचारण्याचे धाडस कोणी करत नसे.

त्या सकाळी सुंद्राबाईंची शस्त्रक्रिया होती. साठी उलटलेल्या सुंद्राबाई गुळाच्या व्यापाऱ्याची बायको. जन्मभर वखारीत ढेपा उचलल्या, पाच बाळंतपणे घरातच झाली, आणि आता त्यांचे अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, खालून बाहेर येत होते. चालताना घासे, लघवीला बसताना हाताने आत ढकलावे लागे. घरातल्या थोरामोठ्यांना हे कळत नव्हते असे नाही. कळूनही कोणी वळून पाहिले नव्हते. अंग आत थोपवून धरणारी रिंग बसवून झाली होती, ती टिकली नाही.

शिष्येने योनिमार्ग शिवून बंद करायचे ठरवले होते. रक्तदाब चढा, तेव्हा थोड्या वेळाची शस्त्रक्रिया बरी. अंग पुन्हा उतरण्याची भीतीही त्यात सर्वांत कमी. मात्र एकदा बंद केलेली वाट पुन्हा उघडायची नसते. हे सारे तिने सुंद्राबाईंच्या मुलाला बाहेर बोलावून समजावले होते. मुलगा भिंतीकडे बघत म्हणाला, "करा की बंद. या वयात आईला काय करायचंय?" व्यापारी तर दुकानातून हललाच नव्हता. ज्याचे दुखते त्याला वगळून बाकी सर्वांचे मत घ्यायचे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची जुनी रीत.

आदल्या दिवशी सुंद्राबाईंनी तिचा हात धरला होता. "बाई, समदं पैल्यावाणी हुईल न्हवं?"

"हो हो, काळजी करू नका," ती म्हणाली होती. आणि लगेच पुढच्या खाटेकडे वळली होती.

सुंद्राबाईंची स्ट्रेचरची गाडी शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आली तेव्हा गुरू समोर उभ्या होत्या. हातात कपबशी. "सुंद्राबाई, उठून बसा. चहा घ्या."

कालपासून उपाशी असलेल्या सुंद्राबाईंनी तो घटाघटा संपवला.

"बाई!" शिष्या किंचाळलीच. "दुधाचा चहा! आता भरल्या पोटी भूल कशी द्यायची?"

"आज द्यायचीच नाही." गुरू सुंद्राबाईंकडे वळल्या. "ही आज तुमचं काय करणार होती?"

"पिशवी वर बांधणार न्हवं?"

"नाही. खालची वाट शिवून टाकणार होती. कायमची."

"म्हंजी... मालकांसंगं...?"

"नाही जमणार."

सुंद्राबाई आधी लाजल्या, मग लालबुंद झाल्या. "आवं, म्या काय मेले का? ह्या दुखण्यापायी दोन वरसं लांब निजतोय त्यो माणूस. बरी व्हायला आले ती कशाला? कुणी ठरवलं ह्ये? पोरानं? आईचं दार लावताना लाज न्हाई वाटली मुडद्याला? आन् तुमी वो, मोठ्या बाई! दारापातूर आणल्यावर इचारता व्हय?"

शिष्या गुरूंकडे वळली. "मीही तेच विचारते. नातेवाइकांना बाहेर बोलावून समजाव, हे मला तुम्हीच शिकवलंत. तुम्ही स्वतः कधी रुग्ण बाईला विचारलेलं मी पाहिलेलं नाही."

गुरू खाली बघत शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"खरं आहे ते," त्या सावकाश म्हणाल्या. "आज सकाळच्या फेरीत ही शेजारणीला हसत सांगत होती, की घरी गेल्यावर मालकांची खाट पुन्हा आत घेणार. ते कानावर पडलं नसतं तर मीही हातमोजे चढवले असते. नुसतं थांबा म्हटलं असतं, तर तू, तिचा मुलगा, भूल देणारे डॉक्टर, सगळ्यांनी दुपारपर्यंत मला पटवलं असतं. पोटात चहा गेला की वाद मिटतो. तू निवडलेली शस्त्रक्रिया वाईट नाही. जिला ती वाट नको असेल, तिला तीच उत्तम. पण ते तिच्या तोंडून यायला हवं. आपण वय पाहिलं, रक्तदाब पाहिला, आणि तिच्या जागी तिच्या मुलाला बसवलं. बस आता इथे. सगळं सांग तिला."

शिष्या बसली आणि एकेक उपाय सांगू लागली. पिशवी न काढता आतल्या भक्कम बंधाला टाके घालून वर बांधता येते. किंवा पिशवी काढता येते, पण मग उरलेल्या वाटेचे वरचे टोक तसेच वर बांधावे लागते, नाहीतर तेही खाली उतरते. पोटातून जाळी लावली तर आधार पक्का, पण शस्त्रक्रिया मोठी, आणि जाळीने त्रास दिला तर तो निराळाच. "यातलं काहीही केलं तरी अंग पुन्हा उतरू शकतं," ती म्हणाली. "तुमच्या रक्तदाबामुळे धोकाही जास्त आहे. आणि ढेपा उचलणं बंद."

सुंद्राबाईंनी पदराचे टोक पिळले. "भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "पर पिशवी ठिवा आन् वर बांधा. गोळ्या खाईन मी टायमावर."

"आणि ढेपा?"

"पोरगा उचलंल की. लई ठरवायची हौस हाय त्याला."

शिष्या बाहेर आली. मुलगा पुढे धावला. "झालं का ऑपरेशन? नाही? मग काय ठरवलंत तुम्ही?"

सवयीने तिचे तोंड उघडले. तिने ते मिटले आणि दार ढकलून धरले.

"त्यांना विचारा."