तिसऱ्या प्लगचं मोठं मन

गाड्या हँडल मारून चालू करायच्या, त्या काळची गोष्ट. एक म्हातारी जीप मिसिंग मारू लागली, म्हणजे अडखळत चालू लागली, चढावर धापा टाकू लागली. मालक तिला भंगारात घालायला निघाला. तेव्हा इंजिनातले चारही स्पार्क प्लग भांडायला उठले. तिसरा सगळ्यात मोठ्याने ओरडला, “माझ्या जिवावर चालतेय गाडी! हे तिघे कामचुकार!”

भंगारात घालण्याआधी मालकाने जीप एकदा बस्त्याव मिस्त्रीला दाखवली. त्याने इंजिन चालू ठेवलं आणि एकेका प्लगची वायर काढून पुन्हा लावायला घेतली. पहिल्याची काढताच जीप लटपटली. दुसऱ्याची काढली, तर बंदच पडायला आली. तिसऱ्याची काढली, पण जीपला पत्ताच नाही.

तिसरा खुशीत आला. “बघितलंत? मला काढलं तरी गाडीला जराही त्रास होऊ दिला नाही!”

“खरं आहे रे बाबा,” म्हणत मिस्त्रीने पाना उचलला.