निंबखारच्या माळावर कुणी बसत नाही

निंबखारला पाहुणे आले की केरूनाना त्यांना गावचं गायरान दाखवायला नेतात. चढण चढून दमलेला पाहुणा एखाद्या धोंड्यावर टेकू लागला, की नाना काठी आपटतात. "उठा पाव्हणं! हितं बसत न्हाईत. पानी बी उभ्यानं प्या." आणि मग चालता चालताच ते कारण सांगतात.

फार पूर्वी गावातली सगळी जनावरं रोगाने गेली, म्हणे. झाडून सारे पुरुष लांबच्या बाजाराला नवी जनावरं आणायला निघाले आणि नेमका तेव्हाच सरकारी वसुलीचा कमाविसदार गायरान तपासायला आला. त्याने कायदा वाचला: तपासणीचे तीन दिवस, उगवतीपासून मावळतीपर्यंत, माळावर गावाचा वावर दिसला पाहिजे. खंड पडला की माळ पडीक, पडीक तो सरकारजमा, सरकारजमा तो लिलावात.

"माणसं चवथ्या दिवशी येतील, दादा," गावातली साळूबाई त्याला म्हणाली.

"कायद्यात चौथा दिवस नाही, बाई."

"मग आम्ही बायका जाऊन बसतो माळावर."

"बसलात तर अतिक्रमण," कमाविसदार शांतपणे म्हणाला. "त्याला दंड वेगळा."

साळूबाईची सून जिऊ हे सगळं दाराआडून ऐकत होती. लग्नाला पाचच दिवस झाले होते. हळद उतरेपर्यंत नव्या नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, असा सासूचा दंडक. पोर मेंढपाळाघरची, बसून बसून पायांना मुंग्या आलेल्या. गायरान गेलं तर येणारी जनावरं चरायची कुठे? जनावरांमागे नवरा परमुलखाला जाणार, नवऱ्यामागे गाव उठणार, आणि मग आपल्याला बसवून ठेवायला घर तरी कुठलं उरणार, हे तिला बसल्या जागीच उमगलं.

तपासणीच्या पहिल्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा जिऊ माळावर चालत होती. या टोकाकडून त्या टोकाला, पुन्हा या टोकाला. कमाविसदार झाडाखाली लोडाला टेकून बघत होता. "माघारी ये गं, सटवे!" सासू बांधावरून ओरडली. जिऊ ऐकत होती, पण थांबत नव्हती. भाकरी चालता चालता खाल्ली. सावली दिसली की तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना ती खाली टेकू लागली. कमाविसदाराने लेखणी उचलली. तेवढ्यात साळूबाई बांध ओलांडून धावत आली आणि तिने सुनेला दंडाला धरून उभं केलं.

"घरात बस म्हटलं तवा बसली न्हाईस. आता बसलीस तर याद राख!"

दोघी चालू लागल्या. त्यांच्यामागे एकेक करत गावातल्या साऱ्या बायका आल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाचे हात पिठाचे. असं सांगतात, की त्या संध्याकाळी जनावर एकही नसताना माळावर गुरं परतावीत तशी धूळ उठली होती.

सूर्य बुडाला. कमाविसदाराने लिहिलं, 'वावर आहे. माळ गावाकडे कायम.' मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'तपासणी पुन्हा होईल.' तारीख घातली नाही.

आजही निंबखारला नवी सून आली की हळदीच्या अंगाने आधी गायरानात तीन फेऱ्या मारते, सासू तिच्या दंडाला धरून असते. गुराखी काठीवर रेलतात, पण टेकत नाहीत. कुणी विचारलंच, की आता कसली भीती, तर नाना लांब रस्त्याकडे बघतात आणि म्हणतात, "तारीख कुठं सांगितलीया त्यांनी?"