आठवणीचं मडकं

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा वेळ पाण्यावर मोजत. एक पाथरवट होता. देवळापुढचा दगडी हत्ती घडवायला राजाने त्याला डोंगरापलीकडे बोलावून घेतलं. हत्ती पुरा झाल्याशिवाय घरी जायची सोय नव्हती.

घरी बायको होती आणि नुकती पावलं टाकू लागलेली लेक, चिमी. निघताना तो म्हणाला होता, "नागपंचमीला येतो. चिमीचा पहिला झोका मीच बांधणार."

त्या राज्यात एक रीत होती. प्रत्येक कारागिराजवळ पाण्याचं घंगाळ असे. त्यात तळाला बारीक भोक असलेली वाटी तरंगत ठेवायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. ती ज्या कामात गेली, त्या कामाच्या मडक्यात एक खडा टाकायचा. सोंडेचं मडकं वेगळं, कानांचं वेगळं, छिन्नीला धार लावायचं वेगळं.

आपला पाथरवट भलताच काटेकोर. छिन्नी खाली ठेवली की वाटीही पाण्यातून काढून ठेवी. काम नाही तर खडा कसला? मग मडकी बघून तो उरलेल्या कामाचा अंदाज बांधी आणि बैलवाल्यांबरोबर घरी सांगावा धाडी, "पंचमीला येतो."

पंचमी आली नि गेली. हत्तीला अजून कानच नव्हते. पुढची पंचमीही तशीच गेली. होळीच्या तोंडावर बैलवाले परत येऊन म्हणाले, "वहिनी दोर घेऊन वेशीपर्यंत आल्या होत्या." त्या दिवशी तो ताट तसंच ठेवून चुलीपाशी गेला.

"मावशी, माझी मडकी खोटं बोलतात का हो?" त्याने कारागिरांचा स्वयंपाक करणाऱ्या ठकूबाईला विचारलं.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मडकी कशाला खोटं बोलतील? तू त्या कड्यावर जाऊन घराकडे बघत बसतोस, तेव्हा वाटी कुठे असते रे?"

"बाहेर. ते काय काम आहे?"

"काम नसेल. पण वेळ जातोच ना बाबा? एक मडकं त्याचंही मांड."

त्याने मांडलं. होळीला मांडलेलं ते मडकं पाडव्याच्या आधीच काठोकाठ भरलं. त्याच्याबरोबर मांडलेलं सोंडेचं अजून अर्धंच होतं. खडे बघून तो ढसाढसा रडला. घराची आपल्याला एवढी ओढ आहे, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

आठवण काही त्याला आवरता आली नाही. पण आता ती मोजली जात होती. सगळी मडकी पुढ्यात घेऊन त्याने नवा सांगावा धाडला, "यंदा जमणार नाही. पुढच्या वर्षी पंचमीला नक्की येतो." हे सांगताना त्याचा जीव तुटत होता.

त्या पंचमीला तो हत्ती पुरा करून खरंच वेशीत उभा राहिला. तिथल्या लिंबाखाली एक मुलगी दोर घेऊन थांबली होती.

"कुणाकडे आलात?" तिने विचारलं.

"तुझ्याकडे. झोका बांधायला."

"तो माझे बाबा बांधणार आहेत. या खेपेला नक्की येणार म्हणालेत."

त्याने तिच्या हातातला दोर घेतला आणि फांदीवर टाकला. त्याच्या मनातली चिमी गुडघ्याएवढी होती, ही तर कमरेच्या वर आली होती. झोका त्याला बराच उंच बांधावा लागला. तो गाठ मारत असताना चिमीला त्याच्या तळहातांवरचे छिन्नीचे घट्टे दिसले.  मग ती झोक्यावर बसून हळूच म्हणाली, "बाबा, झोका द्या ना."

म्हणून लहानथोरांनो, कामात गेलेला वेळ मोजता तसा मन रेंगाळलं तो वेळही मोजा, म्हणजे वाट बघणाऱ्याला दिलेला शब्द खरा होतो.